मज्जासंस्थेचे दुर्मिळ आजार आणि भोवतालचे विष

चांगला चालता-बोलता माणूस थोड्याच दिवसांत लटपटू लागतो, हातातला पेला सांडतो, जीभ जड होते. असे झाले की कोणी दैवाला दोष देतो, कोणी करणीला, तर कोणी घराण्याच्या रक्ताला. अन्न, पाणी किंवा हवा यांतून शरीरात गेलेल्या विषामुळे हा आजार झाला असेल काय, हा प्रश्न मात्र फार थोडे लोक विचारतात. या प्रश्नाचे उत्तर कधी 'होय' असे येते, तर कधी 'अजून सिद्ध झालेले नाही' असे येते. हा फरक विद्यार्थ्यांच्या ध्यानी यावा म्हणून आपण तीन उदाहरणे पाहू.

१) मिनामाता (जपान)

मिनामाता हे समुद्रकाठचे गाव. येथील चिस्सो कंपनीच्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांच्याकडे १९५६ साली मज्जासंस्थेच्या अनोळखी विकाराचे रुग्ण आले. १ मे १९५६ रोजी याची नोंद सरकारी आरोग्य कार्यालयात झाली. रुग्ण बहुतेक कोळी कुटुंबांतील होते. त्यांच्या घरची मांजरेसुद्धा झटके येऊन मरत होती. रोग संसर्गजन्य आहे असे समजून शेजाऱ्यांनी या कुटुंबांना वाळीत टाकले.

खरे कारण खाडीतील मासे हे होते. कंपनी १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड बनविताना पारा वापरीत होती व सांडपाणी समुद्रात सोडीत होती. त्यातील मिथिल पारा माशांत साठला आणि माशांतून माणसांच्या मेंदूत गेला. आईने मासे खाल्ले, तर गर्भातील मूलही त्यातून सुटले नाही. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५९ साली पाऱ्याकडे बोट दाखविले. त्याच वर्षी डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी एका मांजराला अन्नातून दिले व त्यास तोच रोग झाला. कंपनीने ही गोष्ट दडवून ठेवली. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केले ते १९६८ साली. तोवर १२ वर्षे निघून गेली होती. पुढे २ हजार २०० हून अधिक रुग्णांना शासनाची मान्यता मिळाली.

२) लाखोळी डाळ (भारत)

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. पूर्व विदर्भात धानाच्या ओल्या बांधीत लाखोळी पेरतात. पाऊस दगा देतो तेव्हाही हे पीक हाती लागते. या दाण्यात ओडॅप नावाचे द्रव्य असते. डाळ थोडी खाल्ल्याने सहसा अपाय होत नाही. परंतु दुष्काळात दोन-तीन महिने तीच मुख्य अन्न झाली, तर दोन्ही पाय ताठरतात व माणूस कायमचा पंगू होऊ शकतो. कर्नल स्लीमन यांनी १८४४ च्या आपल्या ग्रंथात सागर भागातील अशा साथीचे वर्णन केले आहे. मध्य प्रदेशातील रीवा भागात वेठबिगार शेतमजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ देत. त्यामुळे पंगुत्व आले ते मजुरांच्याच घरी. १९६१ साली केंद्र सरकारने या डाळीच्या विक्रीवर बंदी घातली. डाळ भिजवून, उकळून ते पाणी फेकून दिल्यास विष कमी होते. 'रतन' व 'प्रतीक' हे कमी विषाचे वाणही आता निघाले आहेत.

३) ग्वाम

प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर चामोरो लोकांत स्नायू झडणे, कंप आणि स्मृतिभ्रंश असलेला एक आजार १९५० च्या दशकात इतर जगापेक्षा ५० ते १०० पट अधिक आढळला. हे लोक सायकॅड झाडाच्या बियांचे पीठ खात. त्या बियांत 'बीएमएए' हे विषारी द्रव्य सापडले. पण धुतलेल्या पिठात ते इतके थोडे राहते की तेवढ्याने रोग कसा होईल, असा आक्षेप निघाला. बिया खाणारी मोठी वटवाघळे लोक खात, त्यांतून विष अधिक जात असावे, असे मत २००२ साली मांडले गेले. त्यावरही एकमत झालेले नाही. पुढे रोग कमी झाला, पण त्या काळात लोकांचे सारे राहणीमानच बदलले होते. म्हणून येथे संशय आहे, सिद्धता नाही.

यावरून काय शिकावे?

विषाला दोषी ठरविण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात:

(अ) सर्व रुग्णांच्या खाण्यापिण्यात किंवा कामात समान काय आहे?
(आ) ज्याच्या शरीरात विष अधिक गेले, त्यास रोग अधिक होतो काय?
(इ) प्राण्यांवरील प्रयोगात तसाच विकार दिसतो काय?
(ई) विष दूर केल्यावर नवे रुग्ण थांबतात काय?

मिनामाता व लाखोळी या कसोट्यांना उतरतात. ग्वाम अजून पूर्णपणे उतरत नाही. मात्र पुरावा पूर्ण होईपर्यंत स्वस्थ बसणे हेही शहाणपणाचे नव्हे. मिनामाताच्या कोळ्यांनी त्या १२ वर्षांची किंमत मोजली. म्हणून एकाच वस्तीत असे दोन-चार रुग्ण दिसले, तर विद्यार्थ्यांनी त्यांचे वय, काम, अन्न व पाणी यांची नोंद करून प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे आणि संशयित वस्तू खाणे थांबवावे. विष सर्वांत आधी गरिबाच्या ताटात येते. ते ओळखण्याची विद्याही त्याच्याच मुलांच्या हाती असली पाहिजे, असे आम्हास वाटते.