क्षयरोगाची पारख आणि उपचार

ज्या रोगाचें नांव घरांत मोठ्यानें घेऊं नये अशी आपल्याकडे कित्येक पिढ्या चाल होती, तो रोग म्हणजे क्षय. आयुर्वेदांत त्यास राजयक्ष्मा म्हटलें आहे. रोगांचा राजा असा त्या शब्दाचा एक अर्थ लावितात. सोयरिकीचीं बोलणीं चाललीं असतां मुलीच्या चुलत्यास क्षय होता एवढें कळलें, तरी बोलणीं तेथेंच थांबत. रोग्याचें ताट वेगळें, अंथरूण वेगळें, आणि पुष्कळदां रोगीच वेगळा. हें भय अगदींच निराधार होतें असें मात्र म्हणतां यावयाचें नाहीं. औषध नव्हतें त्या काळीं, ज्यांच्या थुंकींत जंतु दिसत अशा रोग्यांपैकीं शेंकडा सुमारें ७० दहा वर्षांच्या आंत दगावत.

आज या रोगाची स्थिति पुष्कळच पालटली आहे. घराघरांतील समजुती तितक्या पालटल्या नाहींत. ती स्थिति कशी पालटली हें समजून घ्यावयाचें तर दोन प्रश्न मनांत वेगवेगळे ठेविले पाहिजेत. समोरच्या मनुष्यास झाला आहे तो क्षयच काय, हा पहिला प्रश्न. आणि क्षयच असेल तर तो कोणत्या औषधास दाद देणारा, हा दुसरा. पहिल्याचें निश्चित उत्तर देण्याची सोय १८८२ सालीं झाली. दुसऱ्याचें उत्तर जागच्या जागीं, दोन तासांत मिळूं लागलें तें २०१० नंतर. मधल्या काळांत या दुसऱ्या प्रश्नाच्या अज्ञानामुळें किती माणसें गेलीं याची गणती करणें कठीण आहे.

ता. २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचा जंतु विद्वानांच्या सभेपुढें दाखविला. हा काडीच्या आकाराचा जंतु मोठा चिवट. त्याच्या अंगावर मेणासारखें आवरण असल्यामुळें साधा रंग त्यावर चढत नाहीं, आणि एकदां चढलेला रंग आम्लानें धुतला तरी उतरत नाहीं. हाच त्याचा दुर्गुण तपासणाराच्या कामीं आला: कांचेवर थुंकी पसरावी, ती रंगवावी, आम्लानें धुवावी, आणि रंगलेल्या ज्या काड्या उरतील त्या सूक्ष्मदर्शकाखालीं मोजाव्या. परंतु या रीतीनें जंतु दिसण्यास थुंकीच्या एका मिलिलिटरांत ते निदान पांच ते दहा हजार असावे लागतात. त्याहून कमी असले तर तपासणीचा कागद 'जंतु नाहींत' असें सांगतो आणि रोगी समाधानानें घरीं जातो.

थुंकींतील जंतु प्रयोगशाळेंत वाढवून पाहावे, तर तेथें दुसरी अडचण. आंतड्यांतील कित्येक जंतु वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. क्षयाच्या जंतूस त्याच कामास पंधरा ते वीस तास लागतात. त्यामुळें उत्तर मिळण्यास कित्येक आठवडे जात. १८९५ सालीं रंटगेन यांनीं शोधिलेल्या क्ष-किरणांनीं छातींतील छाया दिसूं लागली खरी. पण फुप्फुसाचा दाह, जुना व्रण आणि क्षय यांच्या छाया कधीं कधीं सारख्याच दिसतात. शिवाय हा रोग फुप्फुसांपुरता राहतो असेंही नाहीं. मणका, गुडघा, मानेच्या गांठी, आंतडें, मेंदूवरील आवरण, सर्वत्र तो घर करितो. म्हणून अस्थिवैद्यापासून नेत्रवैद्यापर्यंत सर्वांनाच त्याची ओळख ठेवावी लागते.

आतां औषधाकडे वळूं. १९४३ सालीं अमेरिकेंत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेंत अल्बर्ट शाट्झ या तरुण विद्यार्थ्यानें मातींतील एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळविलें. लगेच ब्रिटनमध्यें त्याची कसोशीनें परीक्षा झाली. १०७ रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें विभागणी केली. ५५ जणांस औषध व विश्रांति, ५२ जणांस केवळ विश्रांति. सहा महिन्यांनंतर औषध घेणारांपैकीं ४ दगावले होते, न घेणारांपैकीं १४. हा निकाल १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. त्या वेळचा आनंद काय वर्णावा! परंतु पुढची हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं. पांच वर्षांनंतर पाहिलें तों औषध घेणारांपैकीं ३२ आणि न घेणारांपैकीं ३५ मृत्यु पावले होते. पहिल्या सहा महिन्यांतील लाभ बहुतेक ओसरून गेला होता.

असें कां व्हावें? येथें विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करून पाहावें. या जंतूंत सुमारें दहा लाखांत एखादा जन्मतःच असा निघतो कीं, तो एखाद्या औषधास जुमानीत नाहीं. फुप्फुसांत पडलेल्या एका पोकळींत जंतु कोट्यवधि असतात. म्हणजे एकच औषध दिलें तर बाकीचे मरतात आणि हे मूठभर हट्टी मागें राहून वाढतात. थोड्याच महिन्यांत सारें घर त्यांचेंच होतें. दोन औषधें एकदम दिलीं तर दोहोंसही न जुमानणारा जंतु दहा लाख गुणिले दहा लाख, म्हणजे एक लक्ष कोटींत एखादा सांपडावयाचा. पासची गोळी व १९५२ सालीं प्रचारांत आलेलें आयसोनायझिड यांची जोड स्ट्रेप्टोमायसिनला मिळाली, तेव्हां कोठें बरा झालेला रोगी बरा राहूं लागला. डॉक्टर एकाच वेळीं चार गोळ्या कां देतात, आणि बरें वाटूं लागल्यावर त्यांतली एक आपल्या मनानें कां सोडूं नये, याचें उत्तर या गुणाकारांत आहे.

औषधें मिळालीं, पण रोग्यास ठेवावयाचें कोठें? तोंपर्यंतची समजूत अशी कीं, उत्तम हवा, पूर्ण विश्रांति व सकस अन्न यांवांचून क्षय हटणें नाहीं. यासाठींच पांचगणी, मिरजेजवळील वानलेसवाडी अशा ठिकाणीं आरोग्यधामें उभीं राहिलीं होतीं. परंतु देशांत रोगी लाखांनीं आणि खाटा हजारांनीं! या प्रश्नाचा निकाल मद्रास येथें लागला. १९५६ सालीं तेथें क्षयाच्या औषधोपचारांचें संशोधन करणारें केंद्र निघालें. शहरांतील गरीब वस्त्यांतले रोगी घेऊन त्यांतील निम्मे आरोग्यधामांत व निम्मे आपापल्या घरीं ठेविले. औषध दोघांसही तेंच, वर्षभर. घरच्या रोग्यांस खोली अपुरी, अन्न बेताचें, आणि विश्रांति तर बहुतेकांच्या नशिबीं नव्हतीच. वर्षाअखेर आरोग्यधामांतील शेंकडा ९२ व घरचे शेंकडा ८६ रोगी जंतुमुक्त आढळले. १९५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या या निकालानें जगांतील उपचारांची दिशाच बदलली.

माझ्या मतें त्याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढें दिसून आली. दोन्ही गटांतील रोग्यांच्या घरच्या मंडळींची पांच वर्षें तपासणी केली. रोगी घरीं राहिल्यामुळें त्यांच्यांत क्षय अधिक झाला असें आढळलें नाहीं. ज्यांस लागण व्हावयाची ती बहुधा रोग ओळखला जाण्यापूर्वींच होऊन गेलेली असते. योग्य औषध सुरू झाल्यावर रोग्यापासूनचें भय झपाट्यानें कमी होतें. ताट वेगळें करण्याची घाई करणाऱ्या घरांनीं खोकला सुरू झाल्यापासून थुंकी तपासण्यापर्यंत आपण किती दिवस दवडले, हें आधीं मोजून पाहावें.

पुढें रिफॅम्पिसिन व पायराझिनामाइड यांच्या योगानें उपचाराची मुदत सहा महिन्यांवर आली. पण कित्येकांनीं तीही पुरी केली नाहीं, कित्येकांस औषधेंच चुकीचीं मिळालीं, आणि मुख्य औषधांस न जुमानणारा क्षय पसरला. आतां दुसरा प्रश्न फार निकडीचा झाला.

त्याचें उत्तर अनपेक्षित दिशेनें आलें. प्रत्येक जीवाच्या पेशींत त्याच्या घडणीचा जणूं लेख असतो. त्या लेखांतील हवा तेवढाच तुकडा पुनःपुन्हा दुप्पट करण्याची युक्ति कॅरी मलिस यांनीं १९८३ सालीं काढिली. एकाचे दोन, दोहोंचे चार, असें तीस वेळां केलें कीं, एका तुकड्याचे १०७ कोटींहून अधिक तुकडे होतात! मग जंतु वाढण्याची वाट पाहावयास नको. रिफॅम्पिसिनला न जुमानणाऱ्या बहुतेक जंतूंत बिघाड असतो तो लेखाच्या अवघ्या ८१ अक्षरांच्या एका जागीं. तेवढीच जागा वाचली कीं, क्षय आहे काय आणि तो हट्टी आहे काय, या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें एकदम मिळतात. अशा एका यंत्रास जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० च्या डिसेंबरांत मान्यता दिली. पुढें गोव्यांतील मोलबायो या कंपनीनें विजेच्या घटावर चालणारें लहान यंत्र तयार केलें, तें ट्रूनॅट. त्यास २०२० सालीं तीच मान्यता मिळाली. ज्या गांवीं वीज वेळेवर नसते तेथें त्याची किंमत कळते.

लहान मुलांची अडचण निराळीच होती. त्यांना खाकरून थुंकतां येत नाहीं. तीं कफ गिळून टाकितात. आतां त्यांचा शौच याच रीतीनें तपासतां येतो. युगांडा, झांबिया, दक्षिण आफ्रिका व हिंदुस्थान या देशांतील १२०४ मुलांवरील एका परीक्षेंत, सौम्य क्षय असल्यास सहांऐवजीं चार महिन्यांचें औषध पुरतें असें दिसून आलें. तो निकाल २०२२ सालीं प्रसिद्ध झाला.

हट्टी क्षयाचा उपचार मात्र कालपरवांपर्यंत रोगाइतकाच भयंकर होता. दीड-दोन वर्षें औषधें, आणि त्यांतले कित्येक महिने रोज इंजेक्शन. त्या इंजेक्शनांनीं कित्येकांचे कान कायमचे गेले. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन यांची श्रवणशक्ति क्षयाच्या उपचारांतच गेली. दक्षिण आफ्रिकेंतील फुमेझा टिसिले यांचीही तीच गत झाली. इंजेक्शन टाळतां येईल असें बेडाक्विलीन नांवाचें औषध २०१२ च्या अखेरीस अमेरिकेंत मान्य झालें होतें. चार दशकांनंतर क्षयासाठीं निघालेलें तें पहिलें नव्या जातीचें औषध. परंतु तें महाग होतें. त्यावरील एकाधिकाराची मुदत वाढवून मागणारा अर्ज हिंदुस्थानांत आला, तेव्हां या दोघींनीं २०१९ सालीं त्यास हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्यें एकस्व कार्यालयानें तो अर्ज फेटाळला. कान गेलेल्या दोन मुलींनीं पुढच्या रोग्यांचे कान वांचावे म्हणून कायद्याची लढाई जिंकावी, ही गोष्ट औषधाच्या शोधाहून लहान मानण्याचें कारण नाहीं. बेडाक्विलीनसह चार औषधांचा, इंजेक्शनावांचूनचा, सहा महिन्यांचा उपचार जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं सुचविला. हिंदुस्थान सरकारनें त्यास सप्टेंबर २०२४ मध्यें मान्यता दिली. परीक्षेंत या उपचारानें शेंकडा ८९ रोग्यांस गुण आला. जुन्या उपचारानें शेंकडा ५२ जणांस.

शेवटीं अन्नासंबंधीं. मद्रासच्या परीक्षेवरून कोणी असें समजेल कीं, औषध असल्यावर अन्नाचें महत्त्व उरलें नाहीं. झारखंडांत झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानें हा समज दुरुस्त केला. सर्व रोग्यांस सहा महिने शिधा दिला. पण निम्म्या घरांत रोग्याबरोबर घरच्या मंडळींसही तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वें दिलीं. त्या घरांत नवा क्षय इतर घरांच्या मानानें शेंकडा ३९ कमी झाला. तशीच रोग्यांविषयींही एक गोष्ट आढळली: पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचें वजन शेंकडा पांचांनीं वाढलें, त्यांच्या मृत्यूचें प्रमाण फारच खालीं आलें. सरकारकडून क्षयाच्या रोग्यास पोषणासाठीं दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांची १००० रुपये झाली आहे. जीं यंत्रें ८१ अक्षरें वाचतात, त्यांच्या शेजारीं आतां साधा वजनकाटाही ठेवावा लागतो.