आपले शहर: पायी फिरणे आणि चित्रवही

ज्या शहरात आपले आयुष्य जाते ते शहर आपल्याला ठाऊक आहे, असा आपला समज असतो. वस्तुतः आपल्याला ठाऊक असतात ते त्या शहरातील काही ठरावीक रस्ते: घरापासून कचेरीपर्यंतचा, कचेरीपासून मंडईपर्यंतचा आणि सणावारी देवळापर्यंतचा. या रस्त्यांवरून आपण इतक्या वेळा गेलेलो असतो की, तेथे डोळ्यांना काही काम उरलेले नसते. परगावचा पाहुणा येतो, एखाद्या कमानीकडे बोट दाखवून ‘हे काय आहे?’ असे विचारतो, आणि आपली पंचाईत होते. त्या कमानीखालून आपण हजार वेळा गेलेलो असतो. पण ती पाहिलेली नसते.

या अज्ञानावर एक साधा उपाय आहे. आपल्याच शहरात पायी हिंडावे आणि जे दिसेल ते चित्र व शब्द या दोहोंच्या साहाय्याने एका वहीत उतरवून घ्यावे. या वहीला आपण चित्रवही म्हणू. आपल्याला चित्रकला येत नाही, ही सबब येथे चालणार नाही. हे चित्र भिंतीवर टांगण्यासाठी काढावयाचे नसून नीट पाहता यावे म्हणून काढावयाचे आहे. एखाद्या खिडकीला किती गज आहेत, हे नुसते पाहणाऱ्याला सांगता येत नाही. काढणाऱ्याला मात्र ते मोजावेच लागतात. नंदलाल बोस यांच्यासारखे थोर चित्रकारदेखील पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर नित्याच्या जीवनातील दृश्ये टिपून ठेवीत असत. त्यांचा हात आपल्याला लाभणार नाही, परंतु ती सवय लावून घेण्यास काहीच हरकत नाही.

साहित्य

साहित्य थोडके असावे. कोऱ्या, जाडसर कागदाची आणि हातात धरून उभ्याने काढता येईल अशी लहान वही, एक मऊ पेन्सिल, पाण्याने न पसरणाऱ्या काळ्या शाईचे एक पेन, जलरंगांची छोटी पेटी, एक कुंचला, पाण्याची लहान बाटली आणि फडक्याचा तुकडा, एवढे पुरे. खोडरबर शक्यतो घरीच ठेवावा. चुकलेली रेघ तशीच राहू द्यावी आणि शेजारी दुसरी काढावी. वहीतील पान मात्र कधीही फाडू नये. फसलेल्या पानावरही तारीख, वेळ आणि जागा यांची नोंद असते, आणि पुष्कळदा तीच पुढे उपयोगी पडते.

पावलांचा नकाशा

उदाहरणादाखल आपण अहमदाबादचे जुने शहर घेऊ. साबरमतीच्या काठी सुलतान अहमदशहाने १४११ साली वसविलेले हे शहर २०१७ साली जागतिक वारसा शहरांच्या यादीत समाविष्ट झाले; हा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर होय. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत मार्गदर्शकासह पायी हिंडण्याची प्रथा तेथील महानगरपालिकेने १९९७ साली सुरू केली. त्या वाटेवर दूरदूरच्या देशांतील प्रवासी भेटतात. शहरातील रहिवाशांनीही ती एकदा तरी चालून पाहावी.

जुन्या अहमदाबादेतील वस्ती ‘पोळ’ या घटकात विभागलेली आहे. पोळ म्हणजे एका दरवाजाच्या आत, अरुंद गल्लीच्या दोन्ही अंगांना दाटीने उभी असलेली घरे. गल्लीला फाटे फुटतात, काही फाटे आंधळे असतात, तर काही एखाद्या चिंचोळ्या बोळातून शेजारच्या पोळीत उघडतात. अशा ठिकाणी छापील नकाशाचा फारसा उपयोग होत नाही. तो आपणच पावलांनी तयार करावा.

त्याची रीत अशी. प्रथम ३० मीटरचे अंतर मोजून घ्यावे आणि नेहमीच्या चालीने ते चालून पावले मोजावीत. ४० पावले पडली, तर आपले एक पाऊल ७५ सेंटीमीटरचे झाले. आता पोळीच्या दरवाजापासून चालावयास लागावे आणि दर १० पावलांना कागदावर एक सेंटीमीटर लांबीची रेघ ओढावी. वळण आले की रेघही वळवावी. डाव्या-उजव्या हाताला जे ठळक असेल ते लहानशा खुणेने दाखवावे: विहीर, देऊळ, पिठाची गिरणी, झाड. हा नकाशा काटेकोर होणार नाही. परंतु तो पूर्ण होईपर्यंत ती गल्ली पायांना पाठ झालेली असेल.

एक पान, एक वस्तू

दुसऱ्या पानावर एकच वस्तू घ्यावी. पोळीच्या चौकात बहुधा एक उंच खांब दिसतो आणि त्याच्या माथ्यावर छत्रीसारखे किंवा पिंजऱ्यासारखे नक्षीदार घर असते. हा ‘चबुतरो’, म्हणजे पाखरांना दाणे टाकण्याची जागा. तो काढताना प्रमाण साधण्यासाठी हात ताठ धरून एक डोळा मिटावा, पेन्सिलीवर अंगठा सरकवून माथ्यावरच्या घराची उंची मोजावी, आणि खालच्या खांबात ती किती वेळा बसते ते पाहावे. मग आपोआप प्रश्न सुचू लागतात. दाणे वर कसे पोहोचतात? ते कोण टाकतो? इतक्या उंचावर ही सोय का केली असावी? ओट्यावर बसलेल्या एखाद्या आजोबांना विचारले की यांची उत्तरे मिळतात, आणि न विचारलेल्या चार गोष्टीही कळतात. घराच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके असते, हे अशाच बोलण्यातून कळावे. ही माहिती चित्राच्या कडेने, बारीक अक्षरांत, सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून ठेवावी. चित्रवहीचे पान असे दोघांच्या सहकार्याने भरते.

एक जागा, तीन वेळा

तिसऱ्या पानाचे तीन उभे भाग करावेत आणि एकाच जागी, एकाच दिवशी तीन वेळा जावे. याला माणेक चौकासारखी जागा नाही. दिवसा येथे सोन्याचांदीचा व्यापार चालतो. रात्री दुकाने बंद झाली की त्याच जागी खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी हटत नाही. सकाळी, दुपारी आणि रात्री त्याच पायरीवर उभे राहून तेच दृश्य काढावे. मागच्या इमारतीच्या रेषा तिन्ही चित्रांत सारख्याच राहतील, पुढची माणसे मात्र बदलतील. गर्दी काढताना चेहऱ्यांच्या मागे लागू नये; वाकलेली पाठ, डोक्यावरचे ओझे, उचललेला हात एवढे एका रेघेत आले तरी पुष्कळ झाले. रंग भरावयास वेळ नसेल, तर त्या जागी रंगाचे नाव लिहावे.

दगडावरची अक्षरे

माणेक चौकातून जामा मशिदीवरून पश्चिमेस भद्र किल्ल्याकडे चालत गेले म्हणजे वाटेत तीन दरवाजा लागतो. शहराच्या स्थापनेनंतर थोड्याच काळात बांधलेल्या या वास्तूच्या तीन कमानी आहेत. मधली सुमारे १७ फूट रुंद, तर बाजूच्या दोन सुमारे १३ फुटांच्या. भोवती बाजार इतका दाटलेला असतो की, मान वर करण्याची सवड कोणालाच नसते. आपण मात्र समोरच्या एखाद्या दुकानाच्या कडेला उभे राहून चित्र काढू लागावे. कमानी झाल्या की भिंत येते, आणि भिंत काढताना तिच्यावर बसविलेली एक शिळा नजरेस पडते. तिच्यावर देवनागरी अक्षरे आहेत.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत अहमदाबादेवर मराठ्यांचा अंमल होता आणि पेशवे व गायकवाड यांच्यात या शहराची वाटणी झालेली होती. त्या काळातील सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांनी १८१२ साली काढलेला हुकूम या शिळेवर कोरलेला आहे. मुलीला बापाच्या मिळकतीतील तिचा वाटा बिनहरकत मिळावा, असा त्याचा आशय आहे. जो हे मोडील तो हिंदू असल्यास महादेवाला आणि मुसलमान असल्यास अल्लाला जबाब देईल, असेही त्यात बजावले आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत हिंदू मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती आपल्या वारसा कायद्यात २००५ साली झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे या शिळेचे मोल कळते. तिच्याखालून रोज हजारो माणसे जातात. त्यांत किती मुली असतील, आणि त्यांपैकी कितींनी आपला वाटा न बोलता सोडून दिला असेल! त्या अक्षरांनी गेली दोनशे वर्षे वाचणाऱ्याची वाट पाहिलेली आहे.

म्हणून चौथे पान अक्षरांसाठी राखून ठेवावे. शिलालेख, दुकानाच्या जुन्या पाट्या, देवळाच्या पायरीवर कोरलेली दात्यांची नावे, जे सापडेल ते आहे त्याच वळणाने उतरवून घ्यावे. लागले नाही ते अक्षर अंदाजाने भरू नये. त्याचा आकार तेवढा काढावा आणि जाणकाराला दाखवावा. शिळेवर खडू फिरवू नये, पाणी ओतू नये आणि कागद लावून घासूही नये.

काही पथ्ये

कोणाच्या ओट्यावर बसण्यापूर्वी विचारावे. उघड्या दारातून दिसणारे घर रहिवाशाच्या संमतीवाचून काढू नये. प्रार्थनेच्या वेळी मशिदीत वा देवळात वही उघडू नये. मुले भोवती जमतील. त्यांना हाकलू नये, उलट त्यांच्या हाती पेन्सिल द्यावी. गल्लीत नवख्या माणसाची ओळख त्यांच्यामुळेच लवकर होते.

या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. जुन्या पोळवस्तीतील लाकडी घरे दुरुस्तीअभावी खचतात. काही पाडली जातात, आणि त्यांचे कोरीव खांब व दरवाजे जुन्या वस्तूंच्या बाजारात विकले जातात. चित्रवहीने एकही घर वाचत नाही, हे कबूल केले पाहिजे. परंतु घर पडल्यावर तेथे काय होते, याविषयी शेजाऱ्यांचेही एकमत होत नाही, असा अनुभव आहे. तेव्हा तारीख घातलेले एक ओबडधोबड पान साक्षीदारासारखे उपयोगी पडते. शिवाय जी गोष्ट कोणी पाहिलेलीच नाही, ती वाचविण्यासाठी अर्ज तरी कोण करणार?

हे काम अहमदाबादेतच करावयाचे आहे, असे नाही. वाचक बडोद्यात असोत, इंदुरात असोत वा सोलापुरात. त्यांनी येत्या सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर निघावे, घरापासून दोनशे पावलांच्या आतील जागा निवडावी आणि अर्धा तास एका ठिकाणी उभे राहावे. पानाच्या माथ्यावर तारीख, वेळ आणि गल्लीचे नाव लिहावे. गल्लीला ते नाव कशावरून पडले, हे ठाऊक नसेल, तर समोरच्या दुकानदाराला विचारावे आणि त्याचे उत्तर पहिल्या ओळीत उतरवून घ्यावे.