चेहऱ्यांचे कारंजे

पुतळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? उंच चौथरा, भोवती साखळी आणि वर उभा असलेला थोर पुरुष. आपण खालून पाहायचे, हात जोडायचे आणि पुढे चालू लागायचे. शहरात तर जागोजागी पाटी असते : ‘हात लावू नये.’ आता आपल्याला पाटी वाचता येते. पण पाटी नसली तरी आपण बिचकतोच. इथे बसलो तर कोणी हटकील का, असे मनात येते.

आज आम्ही तुम्हांला एका कारंजाची हकीकत सांगणार आहो. तिथे हात लावायला, भिजायला, नाचायला कोणालाच मनाई नाही.

अमेरिकेत शिकागो नावाचे मोठे शहर आहे. ते एका अफाट सरोवराच्या काठी वसले आहे. शहराच्या मध्यभागी आगगाडीचे रूळ होते आणि मोटारी उभ्या करायची जागा होती. त्यांच्यावर छत घालून वर बाग केली. २००४ साली ती लोकांना खुली झाली. आत जायला तिकीट नाही.

या बागेत काचेच्या विटांचे दोन मनोरे समोरासमोर उभे आहेत. प्रत्येक मनोरा ५० फूट उंच. स्पेन देशातले कलावंत जाउमे प्लेन्सा यांची ही कल्पना. विटांच्या आड बारके बारके दिवे आहेत. ते कमीजास्त उजळतात आणि सिनेमाच्या पडद्यासारखा मनोऱ्यावर एक भलामोठा चेहरा दिसतो. चेहरा डोळे मिचकावतो, हसतो. मग ओठांचा चंबू करतो. आणि बरे का, त्या चंबूतून खऱ्या पाण्याची धार सुटते! मनोऱ्यात त्याच जागी नळाचे तोंड बसवलेले आहे. चेहऱ्याने ओठ पुढे काढले की पाणी सुटते.

खाली काळ्या दगडाची फरशी. तिच्यावर पाणी तळवे भिजतील एवढेच. उन्हाळ्यात पोरे धारेखाली धावतात. मोठी माणसेही जोडे हातात घेऊन पाण्यात उतरतात. हिवाळ्यात तिकडे कडाक्याची थंडी. तेव्हा पाणी बंद ठेवतात, चेहरे मात्र दिसत राहतात.

हे चेहरे कोणाचे? राजांचे नाहीत की पुढाऱ्यांचे नाहीत. शिकागोत राहणाऱ्या सुमारे १,००० साध्या माणसांचे आहेत. आपल्याकडे कुंडावर दगडी गोमुख असते. युरोपातही जुन्या कारंजांवर देवांच्या, प्राण्यांच्या तोंडातून पाणी पडते. प्लेन्सा यांनी रीत जुनीच घेतली, पण देवाच्या जागी शेजारचा माणूस बसवला.

पुढे एक प्रकार घडला. २००६ साल संपत आले तेव्हा मनोऱ्यांच्या माथ्यावर टेहळणीचे कॅमेरे बसवले. लोकांना ते रुचले नाही. आम्ही इथे मोकळेपणाने यायचे आणि वरून आमच्यावर पहारा, हे काय, अशी ओरड झाली. थोड्याच दिवसांत कॅमेरे उतरवावे लागले. जागा आपली आहे असे लोकांना वाटत होते, म्हणून ते बोलले.

त्याच बागेत आणखी एक नवल आहे. ते अनीश कपूर यांनी केले. त्यांचा जन्म १९५४ साली मुंबईत झाला. पुढे ते इंग्लंडात राहिले. त्यांनी पोलादाचे १६८ पत्रे जोडून, घासून, आरशासारखी एक वस्तू उभी केली. ३३ फूट उंच, ६६ फूट लांब. सांधा कुठे दिसत नाही. २००६ साली ती पुरी झाली. तिचे नाव ‘ढगांचे दार’, पण आकार पाहून लोक तिला वालाचा दाणाच म्हणतात. जवळ जावे तर आभाळ, उंच इमारती आणि आपले वाकडेतिकडे रूप, सारे तिच्यात एकत्र दिसते. लोक तिला हात लावतात, खालून जातात, हसतात.

हात लागले की बोटे उमटणारच. म्हणून तिचा खालचा भाग रोज पुसून काढतात. हेही ध्यानात ठेवायला हवे. सर्वांना मोकळी असलेली वस्तू राखायला रोज कोणाचे तरी हात राबतात.

आपल्या गावची विहीर घ्या, चावडी घ्या, शाळेची भिंत घ्या. सार्वजनिक म्हणजे कोणाचेच नाही, असे आपण धरून चालतो. तसे नव्हे. सार्वजनिक म्हणजे सगळ्यांचे, म्हणून आपलेही. तिथे बसण्याचा हक्क आपला आणि ते नीट ठेवण्याचे कामही आपलेच.

शहरात गेलात तर पाटी वाचा. मनाई असेल तर पाळा. मनाई नसेल तर बिचकू नका. पुढे व्हा.

विचार करा :
१. कारंजावर साध्या माणसांचे चेहरे का दाखवले असतील?
२. लोकांनी कॅमेरे का काढायला लावले?
३. तुमच्या गावात सगळ्यांची अशी कोणती वस्तू आहे? ती कोण राखतो?