परक्याचे गुपित ही ठेवच होय

पेढीवर ठेवलेली रक्कम मालकाच्या अनुज्ञेवाचून दुसऱ्याच्या हाती देणे, यास आपण विश्वासघात म्हणतो. मोबाईलवर मात्र आपली तरुण मंडळी कोणाचे छायाचित्र, कोणाचे खाजगी संभाषण, कोणाविषयीची ऐकीव वार्ता क्षणार्धात शेकडो जणांस पोचवितात व त्यात काही गैर मानीत नाहीत.

हा दोष आपल्या आचार्यांनी फार पूर्वी ओळखला होता. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत एकांतातील गोष्ट उघड करणे म्हणजे ‘रहोभ्याख्यान’, खोटा लेख रचणे म्हणजे ‘कूटलेखक्रिया’ आणि दुसऱ्याचे मनोगत हेरून ते फोडणे म्हणजे ‘साकारमंत्रभेद’ होय. ठेव बुडविण्याचा ‘न्यासापहार’ही त्याच पंक्तीत आहे. तात्पर्य, गोष्ट खरी असली तरी ती फोडल्याने सत्यव्रतास दोष लागतो, हे मुलांस समजावून द्यावे.

मग खोट्या वार्तेविषयी काय सांगावे? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. अशा अफवा मोबाईलवरूनच पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी धाडण्याची मर्यादा जाहीर केली. परंतु यंत्राची मर्यादा विवेकाची जागा घेऊ शकत नाही. पोत्यातील मूठभर धान्य हातावर घेऊन पाहिल्याखेरीज आपण सौदा करीत नाही. तोच नियम संदेशास लावावा. संदेश पुढे धाडणे म्हणजे हुंडीवर आपली सही करणे होय.

उचगावसारख्या गावात कुजबुज घरोघर पोचण्यास वेळ लागत नाही. म्हणून आपलेच मूल बदनामीस बळी पडले, तर वडीलधाऱ्यांनी प्रथम त्यास धीर द्यावा. अब्रूच्या भयाने गप्प बसल्यास धमकावणाऱ्याचेच फावते. संदेश पुसू नयेत; ते पुरावा म्हणून जपावेत. पैशाची मागणी झाल्यास एक पैही देऊ नये. सायबर पोलिसांकडे अथवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी; अल्पवयीन मुलांस १०९८ या क्रमांकावर साहाय्य मिळते. कोणाच्या गुप्तांगाचे चित्र संमतीवाचून घेणे वा प्रसृत करणे यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ इ कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

मुलांच्या हाती मोबाईल देताना ठेवीचा हा धर्मही द्यावा, आणि कठीण प्रसंगी त्यांनी प्रथम आपल्याकडेच यावे इतका विश्वास त्यांच्या ठायी निर्माण करावा, ही सर्व बंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे.