गावातील नवे घर

मुलांनो, शहर सोडून गावात राहायला गेलात, तर आधी शेजाऱ्यांशी ओळख करून घ्या. पिण्याचे पाणी कोठून आणतात, ते त्यांना विचारा. विहिरीचे पाणी गाळून व उकळून प्या. घरपट्टीची चौकशी ग्रामपंचायतीत करा.

पावसाळ्यात विशेष जपा. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे साप विषारी असतात. मण्यार रात्री फिरते. म्हणून जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी लावा. अंधारात बॅटरी घेऊन चाला. सरपण घरापासून दूर रचा.

साप चावल्यास मांत्रिकाकडे जाऊन वेळ घालवू नका. जखम कापू नका. १०८ क्रमांकाला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. अशा वेळी शेजारीच प्रथम धावून येतात.

शब्दार्थ : घरपट्टी – घरावरचा कर, सरपण – चुलीत जाळायची लाकडे.