संगीत आणि आरोग्य



संगीताने रोग बरे होतात, असे आपल्या देवनार-गोवंडी भागात अनेकजण छातीठोकपणे सांगतात. अमुक राग ऐकला की मधुमेह उतरतो, तमुक ऐकला की दमा जातो, अशा पुस्तिकाही विकत मिळतात. यात खरे किती आणि वाढवून सांगितलेले किती, हे पाहावे म्हणून हा लेखनप्रपंच. 'एहि पस्सिक', म्हणजे ये आणि पाहा, असे सांगणारा आपला धम्म आहे. तेव्हा तपासणीला भिण्याचे कारण नाही.

प्रथम एक शंका दूर करू. उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणारा उपासक नृत्य, गीत व वाद्य यांपासून दूर राहण्याचे शील घेतो. धम्माचे पठण लांबलचक गाण्याच्या सुरात केल्याने होणारे पाच दोषही तथागतांनी भिक्खूंना सांगितले आहेत. गाणारा आपल्याच आवाजावर भाळतो, ऐकणाराही आवाजावरच भाळतो, हे त्यांपैकी पहिले दोन. (आमच्या विहारातील माईकसाठी होणारी ओढाताण ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दोष समजावून सांगण्याची गरज नाही.) मात्र विनयात सस्वर पठणाची, म्हणजे 'सरभञ्ञ' पद्धतीची, मुभा दिलेली आहे. म्हणजे आक्षेप सुरावर नसून सुरात वाहून जाण्यावर आहे.

तथागतांना वाद्याची जाण होती, हे सोण कोळिविसाच्या कथेवरून दिसते. चंपानगरीचा हा श्रीमंत तरुण भिक्खू झाला आणि चालत ध्यान करता करता त्याच्या कोवळ्या पायांतून रक्त आले. खचून तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तथागतांनी त्याला विचारले, तू घरी असताना वीणा वाजवीत होतास ना? तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? फार सैल सोडल्या तर? दोन्ही वेळा सोणाने नाही म्हटले. साधनाही तशीच मध्यम ताणाची हवी, हे त्याला उमगले. शरीर आणि मन यांच्या ताणासंबंधी याहून सोपा दृष्टांत आम्हांस तरी ठाऊक नाही.

आजारपणातील पठणाचे दाखलेही पिटकात आहेत. महाकस्सप आणि महामोग्गल्लान आजारी असताना तथागतांनी त्यांना सात बोज्झंग ऐकविले. स्वतः तथागत आजारी पडले तेव्हा महाचुंदाला त्यांनी तेच म्हणावयास सांगितले. तिघेही त्या दुखण्यातून उठले, असे सुत्तांत नमूद आहे. परंतु त्याच तथागतांनी भिक्खूंना औषधे घेण्याची अनुज्ञा दिली होती आणि जीवकासारखा वैद्य त्यांच्यावर उपचार करीत होता, हेही विसरू नये. पठण औषधाच्या जोडीला होते.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीतही हेच दिसते. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी, त्यामुळे घरात भजनांचे संस्कार. मधुमेह आणि पायांच्या वेदना यांनी शेवटची वर्षे बाबासाहेब जर्जर झाले होते. उतारवयात त्यांनी व्हायोलिन शिकण्याचाही प्रयत्न केला. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीतील २६, अलीपूर रोड येथे नानकचंद रत्तू त्यांचे पाय चेपत होते. तेव्हा बाबासाहेब त्रिसरण गुणगुणू लागले, बोटांनी ताल धरला आणि तीच ध्वनिमुद्रिका रेडिओग्रामवर लावावयास सांगितली. जेवणानंतर कबीराचे एक पद गुणगुणत ते खोलीत गेले. त्या रात्री त्यांचे महापरिनिर्वाण झाले. संगीताने मृत्यू टळला नाही. पण दुखऱ्या देहाला त्या घटकेला विसावा मिळाला असावा, असे आम्हांस वाटते.

हे घडते कसे? गाताना किंवा पठण करताना ओळ संपेपर्यंत श्वास सावकाश सोडावा लागतो. लांबलेल्या उच्छ्वासाने मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी व्हेगस ही नस हृदयाची गती कमी करते. इटलीतील डॉ. बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली २३ निरोगी व्यक्तींवर प्रयोग केला. लॅटिन जपमाळ म्हणताना आणि 'मणि पद्मे' हा बौद्ध मंत्र म्हणताना, दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे ६ वर आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. २००६ साली त्यांनी निरनिराळे संगीत ऐकवून पाहिले. त्यात आपल्याकडील संथ रागही होता. जलद लयीने श्वास, नाडी व रक्तदाब वाढले. गंमत अशी की, सर्वांत जास्त विश्रांती मिळाली ती मध्ये ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत!

आता आमच्या घरातील अनुभव. आमचे थोरले चुलते तरुणपणी गायन पार्टीत ढोलकी वाजवीत. वामनदादा कर्डकांची गाणी त्यांना मुखोद्गत. २०११ साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. 'पाणी' हा शब्दसुद्धा उच्चारता येईना. एका पौर्णिमेला घरात वंदना चालू असताना त्यांनी आमच्याबरोबर त्रिसरण स्पष्ट म्हटले. घरात रडारड झाली. काहींना चमत्कार वाटला, तर एका नातलगाने 'आण्णा इतके दिवस सोंग करीत होते' असेही म्हटले. ते शब्द आण्णांना कळले. डोळ्यांवरून कळत होते.

यात चमत्कार नव्हता आणि सोंग तर नव्हतेच. बोलण्याचे केंद्र बहुधा मेंदूच्या डाव्या भागात असते, तर सुराच्या कामात उजवा भागही मोठा वाटा उचलतो. डावा भाग दुखावला तरी पाठ असलेले गाणे शाबूत राहू शकते. यावरूनच अमेरिकेतील बोस्टन येथे १९७३ साली सुरातून बोलणे शिकविण्याची उपचारपद्धती पुढे आली. रुग्णाने छोटे वाक्य चालीवर म्हणायचे आणि डाव्या हाताने ताल द्यायचा. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आम्हांस हे दाखविले. 'पाणी दे', 'भूक लागली', 'नको' ही वाक्ये आम्ही चालीवर बसविली. ढोलकीचा हात असल्याने आण्णांचा ठेका कधी चुकला नाही, शब्द मात्र चुकत. सात-आठ महिन्यांत अशी पाच-सहा वाक्ये आली, त्यापुढे गाडी सरकली नाही. रक्तदाबाच्या गोळ्या अखेरपर्यंत चालू होत्या.

हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या भागात क्षयरोग घरोघरी आहे. क्षयाचे जंतू कोणत्याही रागाने मरत नाहीत. साध्या क्षयालाही औषधांचा निदान ६ महिन्यांचा क्रम पुरा करावा लागतो. गाण्याने रुग्णाची धास्ती कमी होईल, झोप लागेल, गोळ्या घ्यायची उमेद टिकेल. कोणी गोळ्या सोडून कॅसेट किंवा मोबाईलवरचे राग ऐका म्हणत असेल, तर तो आपला हितचिंतक नव्हे.

दुसरे दुखणे आपणच निर्माण केलेले आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. डीजेच्या भिंतीजवळ आवाज सहज १०० च्या पुढे जातो. एका जयंतीला आमच्याच गल्लीत ती भिंत आण्णांच्या खिडकीसमोर उभी राहिली. गाणी त्यांचीच, आयुष्यभर वाजविलेली. पण ते चांगल्या हाताने एक कान दाबून होते, कारण दुसरा हात उचलतच नव्हता. आम्ही विनंती करावयास गेलो, तर पोरांनी 'साहेब, बाबांची जयंती आहे' असे सुनावले. पत्र्याची भिंत थरथरत होती. आण्णा ताल न देता 'नको, नको' म्हणाले. चालीवाचून बाहेर पडलेला त्यांचा तो पहिला शब्द.

आण्णा २०१४ साली गेले. त्यानंतरच्या जयंतीला त्या पोरांपैकीच दोघे घरी आले आणि आण्णांची ढोलकी मागून घेऊन गेले. ती आता विहारात असते. दर पौर्णिमेला संध्याकाळी ७ ते ९ तेथे लाऊडस्पीकरविना गायन होते. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्यांनी त्याला खुर्चीवर बसवून आणावे. खुर्ची उचलायला पोरे येतात.