मधला गडी वस्ताद झाला

फुटबॉल पायाने खेळतात. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी असतात. एक गोल राखतो. काही मागे असतात, काही पुढे. मधल्या गड्याचे काम निराळेच. मागच्याकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्याला पोचवायचा. आपल्या पिंपळगाव रेणुकाईत मिरचीची तोडणी चालते. एक तोडतो, एक मापतो. मधे टोपली नेणारा थांबला, की दोघांचेही काम अडते. मधला गडी तसाच.

गोव्याचे क्लिफर्ड मिरांडा असेच मधले गडी. त्यांचा जन्म १९८२ सालचा. गोव्याच्या धेंपो संघात ते पुष्कळ वर्षे खेळले. भारताच्या संघातही होते. ११ डिसेंबर २०११ रोजी दिल्लीत भारताने अफगाणिस्तानला ४-० असे हरवले. त्यातला एक गोल मिरांडांचा. त्या वेळी भारताचे प्रशिक्षक होते सावियो मेदेरा. प्रशिक्षक म्हणजे खेळाचा वस्ताद. मेदेराही गोव्याचे, आणि पूर्वी मधलेच गडी.

पण पाय जन्मभर साथ देत नाहीत. वय वाढते, खेळ सुटतो. मग पुढे काय?

मिरांडा पुन्हा शिकायला बसले. चांगला खेळता येते म्हणून शिकवताही येते असे नाही. त्यासाठी वर्ग असतात, परवाने असतात. एकेक पायरी चढत मिरांडांनी आशियातला सर्वांत वरचा परवाना मिळवला.

ही विद्या अडीअडचणीला कामी आली. २०२० साली एफसी गोवा संघाचा परदेशी वस्ताद स्पर्धा चालू असतानाच गेला. काम मिरांडांवर आले. साखळी सामने संपले तेव्हा संघ पहिला होता. २०२३ साली ओडिशाच्या संघातही तसेच झाले. २५ एप्रिल २०२३ रोजी कोझिकोड येथे ओडिशाने बंगळुरूला २-१ असे हरवून सुपर कप जिंकला. भारतीय वस्तादाच्या हाताखाली हा कप जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

संध्याकाळी वर्गाला येताना आपल्यातल्या काहींना लाज वाटते. या वयात पाटी-पुस्तक? लोक हसतील ना! अहो, देशासाठी गोल करणारा गडीसुद्धा पुन्हा वर्गात बसला. मग आपण का लाजावे?

प्रश्न
१. मधला गडी कोणते काम करतो?
२. खेळ सुटल्यावर मिरांडांनी काय केले?
३. आपल्या गावात मोठेपणी नवे काम शिकलेला कोण आहे? त्याचे नाव लिहा.